दशमीच्या गाड्या कालच सुटल्या

माझे आतोबा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीआड बसायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, शिट्टी वाजवायची आणि कुठली गाडी किती वाजता सुटली ते वहीत लिहायचं, असं ते काम. बावीस वर्षं त्यांनी ते केलं आणि एकदाही कुणी त्यांचं नाव काढलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. अंगकाठी बारीक, आवाज त्याहून बारीक. ते घरात बोलायला लागले की लोकांना नेमकी काहीतरी कामं आठवायची. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते, आणि मलाही आठवायची, खोटं कशाला सांगू.

एका मंगळवारी ते घड्याळ खिळ्यावरून निसटलं आणि खाली फरशी पुसणाऱ्या बाईच्या बादलीत पडलं. बाईंनी ते काढलं, पिळता येत नाही म्हणून पदराने पुसलं आणि खिडकीत ठेवलं. काटे हात जोडल्यासारखे एकमेकांवर टेकले होते.

आतोबांनी दुरुस्तीचा अर्ज तीन प्रतींत भरून घड्याळ मुख्य भांडाराकडे पाठवलं आणि ते आगारप्रमुखांकडे गेले. आगारप्रमुखांची बदली होणार होणार असं चार वर्षं चाललं होतं, त्यामुळे ते कशावरही निर्णय घेत नसत. प्रत्येक कागदावर ते 'चर्चा करावी' एवढंच लिहीत.

"साहेब, घड्याळ नाही. गाड्या माझ्या मनगटी घड्याळावर सोडू का?"

"छे छे. खासगी घड्याळावर गाडी सोडायची नाही, परिपत्रक आहे." ते खरंच होतं. एकदा एका ड्रायव्हरचं आणि कंडक्टरचं घड्याळ चार मिनिटांनी वेगळं होतं, आणि दोघं आपापल्या वेळेवर ठाम राहिल्यामुळे गाडी कंडक्टरशिवाय सुटली होती. तेव्हापासून भिंतीवरचं, शिक्का मारलेलं, यादीत नोंद असलेलं साधनच चालायचं.

"मग सोडायच्या कशावर?"

"यादी काढा." यादी काढली. यादीत लिहिलं होतं: कालदर्शक, भिंतीवरील, नग दोन. "दोन आहेत की. एक गेलं, एक राहिलं."

"साहेब, दुसरं म्हणजे कॅलेंडर आहे. तिथी-नक्षत्रवालं."

"काल दाखवतं ना? शिक्का आहे ना? मग सोडा त्यावर. चर्चा झाली असं समजा."

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर रजा टाकून घरी बसला असता. आतोबा त्या संध्याकाळी घरी आले ते चेहऱ्यावर लाली घेऊन, आणि ताटात दोनदा भात मागून घेतला. आत्या माझ्याकडे बघायला लागली. गोष्ट अशी होती, की बावीस वर्षं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्या खोलीत वाचायला ते कॅलेंडर सोडून दुसरं काहीच नव्हतं. पुढची बाजू, मागची बाजू, बारीक अक्षरातली कोष्टकं, सगळं त्यांचं पाठ होतं. शुभ-अशुभावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. त्यांना हिशोब आवडायचा, आणि तो ऐकवायला आजवर कुणी मिळालं नव्हतं.

"दिवस मध्यरात्री बदलत नाही," ते म्हणाले, "तो सूर्योदयाला बदलतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटका. एका घटकेची साठ पळं. म्हणजे घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचं. अडीच घटकांचा तास. किती सोपं आहे!"

"पहिली गाडी सहा पन्नासला सुटणार ना?" आत्याने विचारलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि ती त्याच गाडीने जायची.

"आज सूर्योदय सहा वीसला होता. म्हणजे सूर्योदयानंतर एक घटका पंधरा पळांनी सुटेल."

"म्हणजे सहा पन्नासला."

"आज," आतोबा म्हणाले. त्या एका शब्दाकडे आत्याने तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

आता घटका मोजायची कशी? त्यासाठी तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडतात. भोकातून पाणी आत शिरतं, आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. आत्याच्या पितळी वाट्यांच्या संचातली एक वाटी दुसऱ्या दिवशी सकाळीच गायब झाली. भोक नेमकं केवढं पाडायचं हे घड्याळ लावून ठरवता आलं असतं, पण खासगी घड्याळ चालणार नव्हतं आणि आतोबा नियमाने चालणारे. मग त्यांनी दुसरी रीत काढली. एक दीर्घ अक्षर सहज म्हणायला जेवढा वेळ लागतो, तशा साठ अक्षरांचं एक पळ. साठ पळांची घटका. म्हणजे एका घटकेत छत्तीसशे दीर्घ अक्षरं. आतोबांनी 'मा' हे अक्षर निवडलं आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात पातेल्यासमोर मांडी घालून सुरुवात केली. "मा, मा, मा, मा, मा, मा..."

वाटी दोन हजारांच्या आसपास बुडाली. भोक मोठं झालं होतं. त्यांनी मेण लावून ते बारीक केलं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला दार वाजलं. शेजारच्या वहिनी आणि त्यांचे यजमान पांढऱ्या कपड्यांत उभे होते.

"फार वाईट झालं," वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. "कधी गेले मामा?"

आतोबा मध्येच थांबू शकत नव्हते, बावीसशेवर आले होते. ते म्हणतच राहिले. आत्याने नाइलाजाने दोघांना पाणी दिलं. ते आठ-नऊ मिनिटं बसले, आतोबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेले. "इतकी माया आजकाल कुठे दिसते," शेजारी जाताना म्हणाले. बरोबर छत्तीसशेव्या 'मा'ला वाटी बुडाली आणि आतोबा टाळी वाजवून उठले, ते शेजाऱ्यांनी जिन्यावरून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून बसस्थानक घटकांवर चालू लागलं. पहाटे आतोबा नियंत्रण खोलीच्या गच्चीवर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहत. सूर्याची कड दिसली की धावत खाली येऊन वाटी पाण्यात सोडत. ड्रायव्हरांची तक्रार नव्हती, त्यांना शिट्टीशी मतलब. प्रवाशांना मात्र जड गेलं.

"साडेआठची गाडी किती वाजता?" एका गृहस्थांनी विचारलं.

"पाच घटका पंचवीस पळांनी."

"म्हणजे कधी?"

"वाटी पाच वेळा बुडाली, की त्यानंतर पंचवीस पळं."

"आत्ता किती वेळा बुडालीय?"

"चौथी बुडायला आलीय. या, बघा."

ते गृहस्थ आत येऊन बघत बसले आणि त्यांची गाडी सुटली तरी उठले नाहीत. वाटी बुडताना बघण्यात काहीतरी होतं खरं. ती बराच वेळ काहीच करत नाही, नुसती तरंगते, आणि मग एकदम मान टाकते. आठवड्याभरात खिडकीशी गर्दी व्हायला लागली. चहावाला "अर्ध्या वाटीत आलो" म्हणू लागला. बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगायच्या, "थांब गं वाटीभर, कुठे पळतेस!" आतोबांना पहिल्यांदाच लोक दुरून नमस्कार करायला लागले. त्यांचं नाव 'पळकाका' पडलं. नव्या माणसाला वाटायचं की हे पळून जातात म्हणून.

पण दिवस थंडीकडे झुकत होते आणि सूर्य रोज जरा उशिरा उगवत होता. कधी अर्धं मिनिट, कधी जास्त. आतोबांची गाडी सूर्याला बांधलेली, तीही रोज तेवढीच मागे सरकायची. महिन्याभरात आत्याच्या हजेरीपटावर उशिराच्या नऊ लाल खुणा झाल्या. घरी ती काही बोलली नाही. ती सरळ बसस्थानकाच्या खिडकीशी गेली, तक्रारवही मागितली आणि नवऱ्याच्या देखत लिहिलं:

'पहिली गाडी रोज थोडी थोडी उशिरा सुटते. मला शाळेत नऊ वेळा उशिराची खूण मिळाली आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी. एक नियमित प्रवासी.'

आतोबांनी खालच्या रकान्यात उत्तर लिहिलं: 'गाडी सूर्योदयानंतर बरोबर एक घटका पंधरा पळांनी सुटली आहे. सूर्यास होणाऱ्या उशिरास हे कार्यालय जबाबदार नाही. नियंत्रक.'

दुसऱ्या दिवशी आत्याने लिहिलं: 'नियंत्रक पहाटे गच्चीवर जाण्यासाठी घरातून निघतात तेव्हा दार आपटतात. प्रवाशांची झोप मोडते.'

'सूचना स्वीकारली आहे,' आतोबांनी लिहिलं, आणि त्या दिवसापासून दार खरंच हळू लागायला लागलं. घरी या विषयावर अवाक्षर नाही. जेवताना दोघं दुधाबद्दल आणि माझ्या परीक्षेबद्दल बोलायची. बाकी सगळं तक्रारवहीत.

आत्याची सुटका झाली ती मुख्याध्यापिकाबाईंमुळे. त्याही त्याच गाडीने यायच्या, आणि शिस्तीच्या इतक्या कडक की त्यांनी स्वतःच्या नावापुढेही लाल खुणा केल्या. दहा खुणा झाल्यावर नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांसमोर हजर राहून खुलासा द्यावा लागायचा. बाई आपल्या खोलीबाहेर दहा मिनिटं उभ्या राहिल्या, मग आत जाऊन खुर्चीत बसल्या आणि स्वतःला विचारलं, की हे काय चाललंय? उत्तर त्यांना पटलं असावं. त्यांनी फळ्यावर सूचना लिहिली, की उद्यापासून शाळा सूर्योदयानंतर तीन घटकांनी भरेल. एक तास दोन घटकांचा असेल. दोन घटका म्हणजे एक मुहूर्त, म्हणून मुलं तासाला मुहूर्त म्हणायला लागली. "आज गणिताचा मुहूर्त टळला!" असं ओरडत पोरं मैदानाकडे पळायची.

शाळेमागून दवाखाना आला, कारण डॉक्टर त्याच गाडीने यायचे. मग टपाल कचेरी, मग न्हावी. सगळ्यांनाच सारखा उशीर झाल्यावर उशीर कुणालाच राहिला नाही.

अडचण आली ती ढगाळ सकाळी. सूर्य दिसेना. आतोबा गच्चीवर, खाली पन्नास माणसं.

"अहो, उगवलाय तो! ढगांमागे आहे!" खालून कुणीतरी ओरडलं.

"असेल. पण मी बघितलेला नाही."

शेवटी त्यांनी खाली येऊन पूर्वेकडच्या आगाराला फोन लावला. "तुमच्याकडे सूर्य आलाय का?"

पलीकडचा नियंत्रक जुना माणूस. "आत्ताच सुटला इथून," तो म्हणाला. "तुमच्याकडे दोन-तीन पळांत पोहोचेल."

त्याच सुमारास जुनी नोंदवही भरली आणि नवी आली. आतोबांना वाटलं, वेळ पंचांगाची आणि तारीख कॅलेंडरच्या मोठ्या आकड्याची, हे एका बाहीच्या सदऱ्यासारखं दिसतं. त्यांनी नव्या वहीच्या प्रत्येक पानावर आधीच तिथी लिहून टाकली. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, अशी महिन्याची तीस पानं. पानांना छापील क्रमांक होते आणि वहीला लाखेचं सील, एक पान वाढवायची किंवा फाडायची सोय नव्हती. पण तिथी चंद्राच्या चालीवर चालते. कधी ती चोपन्न घटकांत उरकते, तर कधी पासष्ट घटका रेंगाळते. सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी छोटी तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्यामध्ये येऊन जाते, तिला दिवसच मिळत नाही. आणि एखादी लांबलचक तिथी दोन सूर्योदय गाठते, तेव्हा लागोपाठ दोन दिवस तीच तिथी.

आधी षष्ठी गेली. पंचमीनंतर एकदम सप्तमी. आतोबांनी षष्ठीच्या कोऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'या तिथीस सूर्योदय लाभला नाही'.

मग दशमी दोन दिवस आली. पहिल्या दशमीला सगळ्या गाड्या सुटल्या, पान भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी दशमीचं पान उघडलं आणि पेन हातातच राहिलं.

"सोडा की हो," पहिल्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. इंजिन चालू होतं.

"तुमची गाडी गेलेली आहे," आतोबा म्हणाले. "ही बघा. दशमी, एक घटका पंधरा पळं, तुमची सही. दशमीच्या गाड्या कालच सुटल्या."

"मग मी बसलोय कशात?"

"तोच प्रश्न आहे."

"अहो, नोंद करू नका, नुसती सोडा."

"नोंद न करता गेलेली गाडी म्हणजे पळवलेली गाडी. पोलिसांत जावं लागेल."

लोक खिडकीशी जमले. आगारप्रमुखांनी दारातून डोकं बाहेर काढून "चर्चा करावी" म्हटलं आणि आत घेतलं. तेवढ्यात आत्या पुढे आली. वर्गात पाढे म्हणून घेताना लावते तसा तिने आवाज लावला.

"नियंत्रक, आज दशमी ना?"

"हो."

"काल होती तीच?"

"तीच. एकच तिथी आहे."

"मग ही गाडीही तीच. तिची नोंद झालेली आहे. सुटलेल्या गाडीत बसायला आम्हाला काही हरकत नाही. चला गं, बसा सगळ्या!"

आतोबांनी दोन क्षण विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बायकोकडे माणूस लग्नाच्या दिवशी बघत असेल तसं ते बघत होते. त्यांनी शिट्टी वाजवली.

त्या दिवशी सगळ्या गाड्या आदल्या दिवशीच सुटलेल्या होत्या आणि निवांत धावल्या. फक्त पाचव्या गाडीचं चाक अर्ध्या वाटेत पंक्चर झालं. आगारातल्या मेकॅनिकला फोन गेला. त्याने वही बघितली आणि हत्यारांची पेटी खाली ठेवली. "ही गाडी काल सुखरूप पोहोचलीय," तो म्हणाला. "पोहोचलेल्या गाडीचं चाक बदललं तर जुनं चाक कुठून आलं म्हणून मलाच विचारतील." शेवटी प्रवाशांनीच चाक बदललं, कारण त्यांच्याबद्दल वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

हे सगळं मुख्य कार्यालयात कधीतरी पोहोचणारच होतं. एक तपासनीस आले. गोल चेहरा, काखेत चामड्याची बॅग. नियंत्रण खोलीत शिरण्याआधी आतोबांनी त्यांचं मनगटी घड्याळ काढून घेतलं आणि पावती दिली. तपासनिसांनी दोन दिवस वह्या चाळल्या, वाटीत बोट घालून बघितलं, गच्चीवर जाऊन सूर्योदयाला हजर राहिले आणि मान डोलावत खाली आले.

"एकही गाडी उशिरा नाही!" ते म्हणाले. "तीन महिन्यांत एकही नाही! बाकीच्या आगारांत रोज दहा-दहा गाड्या उशिरा सुटतात. आणि षष्ठीच्या दिवशी तर शून्य तक्रारी!"

"षष्ठी नव्हतीच, साहेब," आतोबा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

पंधरा दिवसांनी परिपत्रक आलं. आमच्या आगाराची पद्धत सगळ्या आगारांना लागू झाली होती, आणि आतोबांच्या नावाचा उल्लेख 'संबंधित कर्मचारी' असा सन्मानाने केला होता. आत्याने तेवढी ओळ दोनदा मोठ्याने वाचली. खालची ओळ आतोबांनी वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

'सर्व आगारांत एकसूत्रीपणा राहावा म्हणून सूर्योदय वर्षभर सकाळी ठीक सहा वाजता झाला असे समजण्यात यावे.'

"समजण्यात यावे," आतोबा पुटपुटले. "समजण्यात यावे!"

सोबत मुख्य कार्यालयाने एक भोंगाही पाठवला होता. तो रोज सहाला आपोआप वाजणार होता. त्याचं नाव सूर्योदय.

परिपत्रक सोमवारपासून लागू झालं. खरा सूर्योदय त्या दिवसांत सात वाजून एक मिनिटाने व्हायचा. सहाला काळोखात भोंगा वाजला. आतोबांनी वाटी सोडली, ती एकदा बुडाली, वर पंधरा पळं झाली. कोरड्या थंडीत एक्केचाळीस प्रवासी कान झाकून उभे होते, ड्रायव्हर तयार होता. शिट्टी आतोबांच्या तोंडात होती, पण वाजत नव्हती.

"अहो, वाजवा ना," आत्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाली. कितीतरी आठवड्यांनी ती त्यांच्याशी या विषयावर तोंडाने बोलत होती.

"कशी वाजवू? वार सूर्योदयाला बदलतो. अजून रविवार आहे. ही गाडी रविवारी नसते."

"पण ते म्हणतात ना, उगवलाय म्हणून."

"तू बघ," आतोबा म्हणाले. "बघ ना तू."

आत्याने पूर्वेकडे बघितलं. मग एकेक करत सगळ्यांनी बघितलं. दुकानांच्या बंद फळ्या, तारांवर झोपलेले कावळे आणि वर फिकट चांदण्या.

"खोटं आहे हे," आतोबा म्हणाले. आवाज एवढा मोठा होता, की तो कुणाचा आहे हे बघायला लोक मागे वळले. "घटका चुकली तर मेण लावता येतं. तिथी दोनदा आली तर निभावून नेता येतं. पण नसलेला सूर्य मी लिहिणार नाही!"

ते वर गच्चीवर गेले. एक्केचाळीस माणसं खाली थांबली. चहावाल्याने सगळ्यांना चहा दिला. सात वाजून एक मिनिट झालं, कड दिसली, आणि त्यानंतर एक घटका पंधरा पळांनी आतोबांनी शिट्टी वाजवली. भोंग्याची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती.

त्याच दिवशी ते अर्धी रजा टाकून मुख्य भांडारात गेले. घड्याळ तिथे फळीवर होतं, चालू, टिकटिकत. 'नेण्यास तयार' अशी चिठ्ठी लावून त्याला दोन महिने झाले होते, फक्त मागायला कुणी आलं नव्हतं. आतोबांनी सही करून ते मांडीवर घेऊन आणलं आणि भिंतीवर टांगलं. मी म्हटलं, "आतोबा, तुम्ही जिंकला होतात की. परत घड्याळ कशाला?"

"घड्याळ सूर्याबद्दल काही बोलतच नाही गं," ते म्हणाले. "सहा म्हणजे सहा. उगाच सूर्याच्या नावावर काही खपवत नाही."

त्यानंतरचा आठवडा त्यांना फार वाईट गेला. गाडी पुन्हा सहा पन्नासला सुटायला लागली, म्हणजे गावाला रोज एक्केचाळीस मिनिटं आधी उठणं आलं. लोक चिडले. साडेतीन महिने साठवलेली एक्केचाळीस मिनिटं गेली कुठे, असा लेखी प्रश्न मुख्याध्यापिकाबाईंनी विचारला. आगारप्रमुखांनी त्यावर 'चर्चा करावी' लिहिलं, आणि खरोखर चर्चा झाली, दोन तास, निष्पन्न काही नाही. न्हाव्याने आतोबांची दाढी करायला नकार दिला.

परिपत्रकाचा भंग केला म्हणून त्यांच्यावर चौकशी लागली. मुख्य कार्यालयाने आपण पंचांग पाळतो हे दाखवायला सुनावणीचा दिवस तिथीने दिला: वद्य द्वादशी. आतोबांनी कॅलेंडर बघितलं. त्या महिन्यात वद्य एकादशीनंतर एकदम त्रयोदशी होती. तरी ते एकादशीला जाऊन आले आणि त्रयोदशीलाही गेले. दोन्ही वेळा शिपाई म्हणाला, आज नाही. चौकशी उघडीच राहिली, आणि उघड्या चौकशीमुळे त्यांना कुठे बदलताही येईना. आणखी सहा वर्षं ते त्याच खिडकीत बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. घरी मात्र एक फरक पडला होता. ते बोलायला लागले की आत्या हातातलं काम खाली ठेवायची.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी आत्याही निवृत्त झाली. तिला डोंगरावरचं एक तळं बघायचं होतं, कुणीतरी शाळेत वर्णन केलं होतं म्हणून. एका गुरुवारी दोघं डबा घेऊन निघाली, मी त्यांना पोहोचवायला गेले होते. तीस वर्षांत त्या दोघांनी एका गाडीने केलेला तो पहिलाच प्रवास. गाडी काही येईना.

"अहो, खिडकीवर विचारा तरी," आत्या म्हणाली.

"तू विचार. मी विचारलं तर तो घाबरेल."

आत्या जाऊन आली. "येईल म्हणतो."

"कधी?"

"ते नाही सांगितलं."

"बरं," आतोबा म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली, सावली सरकली होती तिकडे बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, आणि डब्यात काय आहे ते विचारायला लागले.